वऱ्हाडातील शाळा आणि इंग्रजीतील धातुसाधित नाम

अमरावती आणि अकोला हे वऱ्हाडातील कापसाचे जुने जिल्हे होत. कापसाच्या हंगामात या जिल्ह्यांतील कोणत्याही बाजारगावी 'जिनिंग' आणि 'प्रेसिंग' हे शब्द शेतकऱ्याच्या, हमालाच्या आणि गाडीवानाच्या तोंडी सहजपणे येतात. सरकी आणि रुई वेगळी करणे म्हणजे जिनिंग आणि रुई दाबून तिच्या सुमारे १७० किलो वजनाच्या गाठी बांधणे म्हणजे प्रेसिंग, हे सांगण्यासाठी वऱ्हाडातील माणसाला शब्दकोश उघडावा लागत नाही. ज्याने शाळेचे तोंड पाहिले नाही, असा वृद्ध शेतकरीही 'माल जिनिंगवर नेला' असे बिनचूक सांगतो.

त्याच शेतकऱ्याचा नातू मात्र सहावी-सातवीच्या वर्गात इंग्रजीच्या पुस्तकातील 'रीडिंग', 'स्विमिंग', 'प्लेइंग' अशा शब्दांपाशी अडखळतो. हे शब्द क्रियापदे आहेत की नामे, त्यांच्या आधी 'टू' लावावयाचा की नाही, आणि 'इज' कोठे घालावयाचा, याचा उलगडा त्याला होत नाही. वास्तविक ज्या व्याकरणाची त्याला भीती वाटते, ते व्याकरण त्याच्या घरात व शेतात अगोदरच नांदत आहे. ते त्याच्या नजरेस आणून देणे हेच या घटकाच्या अध्यापनाचे मर्म आहे.

प्रश्नाचे स्वरूप

महाराष्ट्रात २०००-०१ या शैक्षणिक वर्षापासून सर्व शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी शिकविण्यास प्रारंभ झाला. तत्पूर्वी मराठी माध्यमाच्या शाळांत हा विषय पाचवीपासून सुरू होत असे. पहिली ते पाचवीच्या काळात मुले इंग्रजी गाणी, शब्द आणि छोटी वाक्ये शिकतात. सहावी ते आठवी या उच्च प्राथमिक टप्प्यावर मात्र वाक्याची घडण समजून घेण्याची वेळ येते. याच टप्प्यावर '-इंग' हा प्रत्यय विद्यार्थ्यापुढे एकापेक्षा अधिक रूपांत उभा राहतो.

बहुतेक विद्यार्थ्यांना हा प्रत्यय प्रथम भेटतो तो चालू वर्तमानकाळात. 'ही इज प्लेइंग' म्हणजे 'तो खेळत आहे' हे वाक्य ते घोकून पाठ करतात. त्यामुळे '-इंग' दिसले की क्रिया आत्ता चालू आहे, अशी त्यांची पक्की समजूत होते. पुढे 'प्लेइंग इज गुड फॉर हेल्थ' असे वाक्य समोर आले, की कोण खेळत आहे आणि केव्हा खेळत आहे, असा प्रश्न त्यांना पडतो. मग 'आय लाइक टू प्लेइंग', 'स्विम इज गुड एक्सरसाइज', 'आय अ‍ॅम इंटरेस्टेड टू ड्रॉइंग' अशी चुकीची वाक्ये वहीत उतरतात. या चुका आळसामुळे होत नाहीत. एका प्रत्ययाची दोन कामे वेळीच वेगळी करून न दाखविल्याचा तो परिणाम असतो.

ज्या घरातील पहिलीच पिढी शाळेत जात आहे, तेथे अशा चुकांची किंमत मोठी असते. इंग्रजीचा धसका एकदा बसला, की तो माध्यमिक शाळेपर्यंत आणि पुढे दहावीच्या परीक्षेपर्यंत पाठ सोडत नाही. शहरातील विद्यार्थ्याला शिकवणीचा आधार मिळू शकतो. चिखलदरा, तेल्हारा किंवा पातूर तालुक्यातील खेड्यातल्या मुलामुलीला वर्गातील शिक्षक हाच एकमेव आधार असतो. म्हणून व्याकरणाचा एक लहानसा घटकही तेथे नीट शिकविला जाणे अगत्याचे ठरते.

'जेरंड' म्हणजे काय?

क्रियापदाच्या मूळ रूपाला '-इंग' हा प्रत्यय लागून जे रूप नामाचे काम करते, त्यास इंग्रजी व्याकरणात 'जेरंड' म्हणतात. ही संज्ञा लॅटिन व्याकरणातून आलेली आहे. मराठीत तिला 'धातुसाधित नाम' असे म्हणता येईल. धातूपासून साधलेले नाम, इतका सरळ अर्थ या संज्ञेत आहे.

या रूपाचे वैशिष्ट्य असे, की ते एकाच वेळी दोन घरी नांदते. वाक्यात ते नामाची जागा घेते; म्हणजे कर्ता होते, कर्म होते किंवा 'इन', 'फॉर', 'बाय' अशा अव्ययांच्या पाठोपाठ येते. त्याच वेळी क्रियापदाचा स्वभावही ते सोडत नाही. 'रीडिंग बुक्स' या शब्दसमूहात 'बुक्स' हे 'रीडिंग'चे कर्म आहे, तर 'गेटिंग अप अर्ली' या शब्दसमूहात 'अर्ली' हे क्रियाविशेषण आहे. निव्वळ नामाला कर्म आणि क्रियाविशेषण असे सरळ जोडता येत नाही.

हे समजावून सांगण्यासाठी परक्या उदाहरणांकडे धाव घेण्याचे कारण नाही. मराठीतील 'णे' प्रत्ययान्त रूप नेमके हेच करते. 'पुस्तके वाचणे', 'लवकर उठणे' या शब्दसमूहांत 'वाचणे' आणि 'उठणे' ही रूपे नामाप्रमाणे वागतात आणि कर्म व क्रियाविशेषणही बाळगतात. मराठी शब्दकोशांत क्रियापदे याच 'णे' रूपाने नोंदविलेली असतात. 'पोहणे हा चांगला व्यायाम आहे' या वाक्याचे 'स्विमिंग इज अ गुड एक्सरसाइज' हे इंग्रजी रूप पाहिले, तर 'पोहणे'च्या जागी 'स्विमिंग' अचूक बसल्याचे विद्यार्थ्याला लगेच दिसते.

व्याकरणाची परंपरा

वऱ्हाडच्या भूमीला भाषेच्या विचाराचे वावडे नाही. अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूर हे महानुभाव पंथाचे महत्त्वाचे क्षेत्र असून मराठी गद्याचा आरंभ मानल्या जाणाऱ्या 'लीळाचरित्र' या ग्रंथाची परंपरा या स्थानाशी निगडित आहे. मराठीतील पहिला व्याकरणविषयक ग्रंथ म्हणून ज्याचा उल्लेख केला जातो, तो 'पंचवार्तिक' हा ग्रंथही याच पंथातील पंडित भीष्माचार्यांचा आहे. मराठी भाषा विद्यापीठासाठी रिद्धपूरची निवड झाली, तिच्यामागे ही पार्श्वभूमी आहे.

आधुनिक काळात दादोबा पांडुरंग तर्खडकर यांचे मराठी व्याकरण १८३६ साली प्रसिद्ध झाले. इंग्रजी व्याकरणाचा आराखडा समोर ठेवून मराठीची मांडणी करण्याचा तो प्रयत्न होता. १९११ साली मोरो केशव दामले यांचे 'शास्त्रीय मराठी व्याकरण' प्रकाशित झाले व त्यात धातुसाधितांचा विस्ताराने विचार झाला. मराठीचे व्याकरण इंग्रजीच्या चौकटीच्या आधारे लिहिले गेले, तर इंग्रजीचे व्याकरण मराठीच्या आधारे शिकविण्यास हरकत असण्याचे कारण नाही. २००५ सालच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानेही मुलांना येणाऱ्या भाषा या अडचण नसून साधन आहेत, अशीच भूमिका घेतली आहे.

एक प्रत्यय, दोन कामे

इंग्रजीत गोंधळ का होतो, याचे कारण त्या भाषेच्या इतिहासात आहे. प्राचीन इंग्रजीत चालू क्रिया दाखविणारे रूप आणि क्रियेचे नाम दाखविणारे रूप यांचे प्रत्यय वेगवेगळे होते. पहिल्याचा प्रत्यय '-एंडे' असा होता, तर दुसऱ्याचा '-उंग' किंवा '-इंग' असा होता. कालांतराने मध्ययुगीन इंग्रजीत हे दोन्ही प्रत्यय एकत्र मिसळून '-इंग' एवढाच उरला. मराठीने मात्र हा भेद आजही जपला आहे. चालू क्रियेसाठी 'त' आणि क्रियेच्या नामासाठी 'णे' असे दोन स्वतंत्र प्रत्यय मराठीत आहेत.

म्हणून मराठी विद्यार्थ्याजवळ एक सोपी कसोटी आपोआपच उपलब्ध आहे. '-इंग' असलेल्या शब्दाचे मराठी करून पाहावे. 'त' आला तर ते चालू क्रियेचे रूप. 'णे' किंवा 'ण्या' आला तर ते धातुसाधित नाम. 'द गर्ल इज रीडिंग' म्हणजे 'मुलगी वाचत आहे'. येथे 'त' आहे. 'रीडिंग इज हर हॉबी' म्हणजे 'वाचणे हा तिचा छंद आहे'. येथे 'णे' आहे. दोन्ही वाक्यांत 'इज' असूनही 'रीडिंग'चे काम निराळे आहे, हे अशा जोडवाक्यांतून स्पष्ट होते.

नामाच्या आधी येणाऱ्या शब्दांसाठीही हीच कसोटी चालते. ग्रामपंचायतीच्या नळयोजनेच्या फलकावर 'पिण्याचे पाणी' असे लिहिलेले असते. त्याचे इंग्रजी 'ड्रिंकिंग वॉटर'. नदीला 'वाहते पाणी' असते. त्याचे इंग्रजी 'रनिंग वॉटर'. पाणी स्वतः पीत नाही. ते पिण्यासाठी आहे. म्हणून 'ड्रिंकिंग' हे क्रियेचे नाम. नदीचे पाणी मात्र स्वतः वाहते. म्हणून 'रनिंग' हे विशेषण. 'पिण्याचे' आणि 'वाहते' या दोन मराठी शब्दांनी हा भेद जितका स्पष्ट होतो, तितका तो पानभर व्याख्येनेही होणार नाही.

कसोटीला मर्यादा आहेत, हेही शिक्षकांनी ध्यानात ठेवावे. 'स्लीपिंग चाइल्ड'चे मराठी 'झोपलेले मूल' असे होते. तेथे 'त' येत नाही. तसेच 'मॉर्निंग', 'इव्हनिंग', 'सीलिंग', 'किंग' या शब्दांच्या शेवटी '-इंग' दिसत असले, तरी विद्यार्थ्याने त्यांना धातुसाधित नामे समजू नये. 'बिल्डिंग', 'मीटिंग' यांसारखे शब्द तर पूर्णपणे नामे बनून गेले आहेत व त्यांचे अनेकवचनही होते.

इंग्रजीच्या अलीकडील काही प्रमाणग्रंथांनी हे दोन प्रकार काटेकोरपणे वेगळे करण्याचा आग्रह सोडून दिला आहे. रॉडनी हडलस्टन आणि जेफ्री पुलम यांच्या २००२ सालच्या केंब्रिज व्याकरणात दोहोंसाठी एकच संयुक्त संज्ञा वापरली आहे. यावरून एवढा बोध घ्यावा, की बारा-तेरा वर्षांच्या मुलाकडून 'जेरंड'ची व्याख्या पाठ करून घेण्यात फारसे हशील नाही. रूप योग्य जागी वापरता येणे, हे महत्त्वाचे.

शेतीची कामे, इंग्रजीची नामे

वऱ्हाडातील शेतीचे वर्ष म्हणजे धातुसाधित नामांची एक मालिकाच होय. नांगरणी, वखरणी, पेरणी, डवरणी, निंदणी, फवारणी, वेचणी, मळणी ही सारी नामे धातूंपासूनच तयार झाली आहेत. इंग्रजीत त्यांपैकी अनेकांसाठी '-इंग'ची रूपे आहेत. नांगरणी म्हणजे 'प्लाउइंग', पेरणी म्हणजे 'सोइंग', निंदणी म्हणजे 'वीडिंग', फवारणी म्हणजे 'स्प्रेइंग', वेचणी म्हणजे 'पिकिंग' आणि मळणी म्हणजे 'थ्रेशिंग'. 'सोइंग बिगिन्स इन जून' किंवा 'पिकिंग कॉटन इज हार्ड वर्क' ही वाक्ये या भागातील मुलाला परकी वाटत नाहीत. ज्याची आई दिवसभर कापूस वेचते, त्याला दुसऱ्या वाक्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरजच पडत नाही.

येथे एक सूक्ष्म भेद शिक्षकांच्या माहितीसाठी सांगणे उचित होईल. 'पिकिंग कॉटन' आणि 'द पिकिंग ऑफ कॉटन' हे दोन शब्दसमूह सारखे वाटले तरी त्यांची घडण एक नाही. पहिल्यात 'कॉटन' हे सरळ कर्म आहे. दुसऱ्यात 'ऑफ' आल्याने 'पिकिंग' हे निव्वळ नाम बनले आहे. मराठीतही 'कापूस वेचणे' आणि 'कापसाची वेचणी' असे दोन प्रकार आहेत. पहिल्यात कापूस हे कर्म आहे, दुसऱ्यात षष्ठी विभक्ती आहे. 'ऑफ' आला की त्याआधी 'द' घालावयाचा, आणि 'ऑफ' नसेल तर 'द' घालावयाचा नाही, एवढा व्यवहार विद्यार्थ्याला सांगितला तरी 'द पिकिंग कॉटन' ही सामान्य चूक टळते.

शेतीखेरीज गावातील व बाजारपेठेतील पाट्याही उपयोगी पडतात. 'वेल्डिंग', 'प्रिंटिंग', 'टेलरिंग', 'पार्किंग', 'बुकिंग', 'कोचिंग', 'ट्रेनिंग', 'वायरिंग' हे शब्द मराठी अक्षरांत लिहिलेले सर्वत्र दिसतात. विद्यार्थ्यांनी बाजाराच्या दिवशी असे शब्द टिपून आणावेत, प्रत्येकातील मूळ क्रियापद शोधावे आणि ते काम कोण करतो हे सांगावे, असा उपक्रम विनाखर्चाचा आणि मनोरंजक ठरतो.

अव्ययांच्या पाठोपाठ येणारी रूपे

मराठीत 'णे'चे सामान्यरूप 'ण्या' असे होऊन त्याला विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय जोडले जाते. पोहण्यात, पोहण्याने, पोहण्यापूर्वी, पोहण्याबद्दल अशी रूपे होतात. इंग्रजीत अव्यय शब्दाच्या मागे न चिकटता पुढे स्वतंत्रपणे उभे राहते आणि त्याच्या पाठोपाठ '-इंग' रूप येते. 'इन', 'बाय', 'बिफोर', 'अबाउट' आणि त्यांच्यानंतर 'स्विमिंग', अशी ही रचना होय. 'ती धावण्यात तरबेज आहे' याचे 'शी इज गुड अ‍ॅट रनिंग'. 'त्याला चित्रे काढण्यात रस आहे' याचे 'ही इज इंटरेस्टेड इन ड्रॉइंग'. 'जेवण्यापूर्वी हात धुवा' याचे 'वॉश युअर हँड्स बिफोर ईटिंग'.

मराठीची सर्व रूपे मात्र 'ण्या'नेच होतात असे नाही. 'जेवल्यानंतर' या शब्दात 'ल्या' आहे, तरी इंग्रजीत 'आफ्टर ईटिंग' असेच म्हणावे लागते. 'हात न धुता जेवू नये' या वाक्यातील 'न धुता'साठी 'विदाउट वॉशिंग' अशी रचना येते. नियम एकच: इंग्रजीत अशा अव्ययानंतर क्रिया सांगावयाची असेल तर ती '-इंग' रूपाने सांगावी.

'साठी' या अव्ययाच्या बाबतीत मात्र सावध राहावे लागते. एखाद्या वस्तूचा उपयोग सांगावयाचा असेल, तर 'फॉर' आणि '-इंग' चालते. 'भाजी चिरण्यासाठी चाकू' म्हणजे 'अ नाइफ फॉर कटिंग व्हेजिटेबल्स'. परंतु माणसाचा हेतू सांगताना 'टू' आणि क्रियापदाचे मूळ रूप यावयास हवे. 'तो पुस्तक वाचण्यासाठी वाचनालयात गेला' याचे इंग्रजी 'ही वेंट टू द लायब्ररी टू रीड अ बुक' असे होते. तेथे 'फॉर रीडिंग' शोभत नाही.

जेथे साम्य संपते

मातृभाषेचा आधार घेताना तिच्या सीमाही दाखवून दिल्या पाहिजेत. 'मला पोहणे आवडते' आणि 'मला पोहायला आवडते' अशी दोन्ही वाक्ये मराठीत होतात. इंग्रजीतही 'आय लाइक स्विमिंग' आणि 'आय लाइक टू स्विम' अशी दोन्ही वाक्ये शुद्ध आहेत. परंतु दोहोंची सरमिसळ करून 'आय लाइक टू स्विमिंग' असे म्हणता येत नाही. 'एक तर टू, नाही तर इंग' एवढे सूत्र फळ्यावर लिहिले तरी पुष्कळ काम होते.

सर्वच क्रियापदे 'लाइक'सारखी उदार नाहीत. 'एन्जॉय', 'फिनिश', 'अव्हॉइड' आणि 'कीप' यांच्यानंतर '-इंग' रूपच येते. 'वॉन्ट', 'होप' आणि 'डिसाइड' यांच्यानंतर 'टू' आणि मूळ रूप येते. 'आय एन्जॉय प्लेइंग' परंतु 'आय वॉन्ट टू प्ले'. या याद्या एका दमात पाठ करून घेण्यापेक्षा सहावीत दोन-तीन, सातवीत आणखी काही अशा क्रमाने वापरातून रुजवाव्यात. 'स्टॉप' या क्रियापदानंतर दोन्ही रूपे येतात व अर्थ बदलतो. 'ही स्टॉप्ड टॉकिंग' म्हणजे त्याने बोलणे थांबविले; 'ही स्टॉप्ड टू टॉक' म्हणजे तो बोलण्यासाठी थांबला. हा भेद आठवीच्या वर्गात दाखविल्यास मुलांना त्यात गंमत वाटते.

बोली आणि घरच्या भाषा

वऱ्हाडी बोलीत 'मला' याचे 'मले' होते आणि 'ण'च्या जागी पुष्कळदा 'न' येतो. 'मले वाचाले आवडते' असे वाक्य मुलाने वर्गात उच्चारले, तर त्याला हसू नये किंवा प्रमाण मराठीसाठी तेथेच अडवून धरू नये. 'वाचाले' हे 'वाचायला'चेच रूप आहे व इंग्रजीतील 'टू रीड'शी त्याची जोडी जमते. 'वाचनं' हे 'वाचणे'चे रूप असून त्याची जोडी 'रीडिंग'शी जमते. बोलीतील या दोन रूपांचा भेद मुलाच्या कानाला आधीच ठाऊक असतो. शिक्षकाने त्याचा केवळ उपयोग करून घ्यावयाचा.

या भागातील उर्दू माध्यमाच्या शाळांनाही हाच मार्ग मोकळा आहे. उर्दूतील 'पढना', 'तैरना' ही रूपे 'णे'चेच काम करतात आणि 'पीने का पानी' या शब्दांत 'ड्रिंकिंग वॉटर'ची रचना जशीच्या तशी आढळते.

मेळघाटातील परिस्थिती याहून वेगळी आहे. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतील अनेक मुलांची घरची भाषा कोरकू आहे. कोरकू ही मुंडा गटातील भाषा असून मराठीशी तिचे कुळाचे नाते नाही. तेथे मराठी हीच मुलासाठी दुसरी भाषा असल्याने मराठीच्या 'णे'वरून इंग्रजी शिकविणे म्हणजे एका अनोळखी वाटेने दुसऱ्या अनोळखी गावी नेण्यासारखे आहे. अशा वर्गात आधी कृती, चित्रे आणि प्रत्यक्ष वस्तू यांचा आधार घ्यावा आणि शक्य तेथे कोरकू जाणणाऱ्या शिक्षकाने किंवा मोठ्या विद्यार्थ्याने दुभाष्याचे काम करावे, हे इष्ट.

वर्गातील क्रम

हा घटक शिकविताना पुढील क्रम सोयीचा ठरू शकेल.

पहिल्या तासाला मुलांनी गोळा केलेले शब्द फळ्यावर मांडावेत आणि प्रत्येकातील मूळ क्रियापद वेगळे काढून दाखवावे. लेखनातील फेरफार येथेच सांगावेत. 'राइट'मधील शेवटचे 'ई' हे अक्षर '-इंग' लागताना गळते. 'रन' आणि 'स्विम' यांतील शेवटचे व्यंजन दुप्पट होते.

दुसऱ्या तासाला हे शब्द कर्त्याच्या जागी ठेवून वाक्ये करावीत. उदाहरणे ओळखीची असावीत. संत गाडगेबाबा हे अमरावती जिल्ह्याचेच सुपुत्र. हातात खराटा घेऊन त्यांनी गावोगाव झाडून काढले, ही कथा प्रत्येक मुलाला माहीत असते. 'स्वीपिंग द व्हिलेज वॉज हिज फर्स्ट टास्क' हे वाक्य त्यामुळे व्याकरणाबरोबर संस्कारही देऊन जाते.

तिसऱ्या तासाला आवडीनिवडी सांगणारी वाक्ये घ्यावीत. मुलांनी एकमेकांना 'व्हॉट डू यू एन्जॉय डूइंग?' असे विचारावे व मिळालेली उत्तरे वर्गात सांगावीत. चौथ्या तासाला 'इन', 'अ‍ॅट', 'फॉर', 'बिफोर', 'आफ्टर', 'विदाउट' या अव्ययांचा सराव द्यावा. शाळेचे नियम इंग्रजीत तयार करणे हा त्यासाठी उत्तम स्वाध्याय होय. पाचव्या तासाला 'त' आणि 'णे' यांची कसोटी लावून मिश्र वाक्ये वेगळी करावयास द्यावीत. भेद ओळखण्याचा हा भाग मुद्दाम शेवटी ठेवावा. कारण वापर आधी आणि विश्लेषण नंतर, हा भाषाशिक्षणाचा स्वाभाविक क्रम आहे.

मूल्यमापनातही हीच दृष्टी ठेवावी. 'जेरंडची व्याख्या लिहा' असा प्रश्न विचारण्याऐवजी 'आपल्या घरातील सकाळच्या चार कामांविषयी चार वाक्ये लिहा' असा प्रश्न विचारल्यास विद्यार्थ्याला काय येते ते खरोखर समजते. वहीतील चुका मोजण्यापेक्षा त्यांचे प्रकार पाहावेत. 'टू' आणि '-इंग' यांची सरमिसळ, कर्त्याच्या जागी मूळ क्रियापद, अव्ययानंतर मूळ क्रियापद, या तीन प्रकारांत बहुतेक चुका बसतात व प्रत्येकीवर इलाजही निराळा असतो. केंद्रस्तरावरील शिक्षण परिषदेत शिक्षकांनी अशा चुकांचे नमुने एकत्र आणून त्यांवर चर्चा केली, तर एका शाळेचा अनुभव दहा शाळांच्या उपयोगी पडेल. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेच्या प्रशिक्षणवर्गांतही या नमुन्यांचा उपयोग होऊ शकेल.

गावाचा सहभाग

इंग्रजीचे व्याकरण हा शिक्षकाचा प्रांत असला, तरी गावाला त्यात करण्यासारखे काहीच नाही असे नव्हे. २००९ सालच्या बालकांच्या शिक्षणहक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात. या समितीने व ग्रामपंचायतीने मनावर घेतल्यास शाळेच्या भिंतीवर, पाणवठ्यावर, दवाखान्यात आणि बाजारात मराठीबरोबर सोप्या इंग्रजीतील फलक लावता येतील. 'ड्रिंकिंग वॉटर', 'नो स्पिटिंग', 'नो पार्किंग' हे फलक गावकऱ्यांसाठी सूचना आणि मुलांसाठी पाठ अशा दोन्ही कामी येतील. फलक लावण्यापूर्वी त्यावरील शब्दांचे अक्षरलेखन शिक्षकांकडून तपासून घ्यावे, एवढी दक्षता मात्र आवश्यक आहे. कारण चुकीचा फलक मुलाच्या मनात वर्षानुवर्षे घर करून राहतो.

पालकांना इंग्रजी येत नसले, तरी आपल्या कामाची नावे मुलाला नीट सांगता येतात. निंदण कशाला म्हणतात, डवरणी केव्हा करतात, सरकी कशी निघते, हे बापाने सांगावे आणि मुलाने त्याचे इंग्रजी शब्द शाळेतून घरी आणावेत. अशा देवाणघेवाणीतून मुलाला आपल्या घरच्या कामाची लाज वाटेनाशी होते आणि इंग्रजीची भीतीही ओसरते.

अमरावती जिल्ह्यातील पापळ येथे जन्मलेले डॉ. पंजाबराव देशमुख ऑक्सफर्डपर्यंत जाऊन विद्या घेऊन आले, आणि ती विद्या त्यांनी शेतकऱ्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी वेचली. श्री शिवाजी शिक्षण संस्था हे त्याचे फलित होय. वऱ्हाडातील शेतकऱ्याच्या मुलाने परकी भाषा आत्मसात करावी आणि आपल्या मातीशी इमान राखावे, या दोन गोष्टींत विरोध नाही, हे त्यांच्या चरित्रावरून दिसते. जिल्हा परिषदेच्या शाळांतील शिक्षकांनी मुलांच्या तोंडच्या शब्दांपासून आरंभ केला, अधिकाऱ्यांनी त्यास वेळ व प्रोत्साहन दिले आणि गावाने साथ केली, तर सातवीच्या वर्गातील मुलगी 'रीडिंग इज माय हॉबी' हे वाक्य घोकून म्हणणार नाही. ते वाक्य तिचे स्वतःचे असेल.